जुना जर्मेनियम डिटेक्टर: मूळ रूप न बिघडवता चालू कसा करावा?

चोपडेकर_संग्राहक

राम राम मंडळी. संग्रहात एक निनावी मेटल डिटेक्टर आला आहे. पत्र्याची निळसर पेटी, अ‍ॅल्युमिनियमची दांडी, खाली ८ इंचांची बंद गोल कॉइल. पेटीवर दोन बटणं: ट्यूनिंग आणि आवाज. कंपनीची पट्टी नाही. आत तपकिरी फिनोलिक सर्किट बोर्ड आहे. त्यावर जर्मेनियमचे पाच ट्रान्झिस्टर आहेत: दोन एएफ ११७, एक एसी १२६ आणि दोन एसी १२८, सगळ्यांवर बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्स) शिक्का. जुनी ९ व्होल्टची कार्बन-झिंक बॅटरी आतच फुटलेली होती.

नवीन बॅटरी लावली की शिट्टी येते आणि ट्यूनिंगने तिचा सूर बदलतो. पण दहा-पंधरा मिनिटांत सूर आपोआप सरकतो. बोर्डाला टिचकी मारली की आवाज जातो, परत मारली की येतो. शून्याजवळ, म्हणजे शिट्टी जिथे बंद होते तिथे, आणताना सूर हळूहळू खाली उतरत नाही, एकदम गप्प होतो. एक रुपयाचं नाणं जेमतेम २ इंचांवरून कळतं.

हा बीएफओ (बीट फ्रीक्वेन्सी ऑसिलेटर) की टीआर (ट्रान्समिट-रिसीव्ह) प्रकारचा? काय बदलावं आणि कशाला हात लावू नये? संग्रहाच्या दृष्टीने मूळ भाग शक्य तितके राहायला हवेत.

भुसावळ_सोल्डर

भाऊ, शिट्टी ट्यूनिंगने खाली येते आणि शून्यानंतर पलीकडे परत चढते, म्हणजे हा बीएफओच. एक ऑसिलेटर (विद्युत कंपनं तयार करणारं सर्किट) कॉइलवर चालतो, दुसरा पेटीत ठरावीक वारंवारतेवर, आणि ऐकू येतो तो दोघांतला फरक. टीआरला असा दोन्ही बाजूंनी चढणारा सूर नसतो. त्याच्या थाळीत पाठवणारी आणि घेणारी अशी वेगळी गुंडाळी असते, म्हणून केबलमध्येही सहसा चार तरी तारा निघतात. तुमच्या केबलमध्ये एक तार आणि वर जाळी एवढंच असेल.

वारंवारता मोजायला मीटर नसेल तर मीडियम वेव्हचा रेडिओ कॉइलजवळ धरा आणि काटा हळू फिरवा. ठरावीक अंतरावर सुसकारा दबून शांत जागा लागतील. ६००, ७००, ८०० किलोहर्ट्झला लागल्या तर मूळ वारंवारता १०० किलोहर्ट्झ. दोन जागांमधलं अंतर हेच उत्तर.

आता टिचकीचा प्रश्न. एएफ ११७ चा हा ओळखीचा रोग आहे. एएफ ११४ ते ११७ या मालिकेत धातूच्या टोपीच्या आतून कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि आतल्या पायांना चिकटतात. चौथा पाय टोपीला आणि अर्थिंगला जोडलेला असतो, त्यामुळे शॉर्ट होतो. उपाय सोपा: तो चौथा पायच बोर्डापासून मोकळा करा. कापू नका, सोल्डर ओढून घ्या आणि पाय वर वाकवून ठेवा, म्हणजे मूळ भाग शाबूत राहतो. बहुतेक वेळा एवढ्याने ट्रान्झिस्टर परत कामाला लागतो. दोन तंतूंनी दोन पाय आपसांत जोडले गेले असतील तर मात्र तो ट्रान्झिस्टर गेला.

सोल्डर करताना २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरे. आयर्न आणि ट्रान्झिस्टर यांच्या मधल्या पायावर चिमटा लावा, उष्णता तिथे अडते. जर्मेनियम ताप सहन करत नाही.

एकदम गप्प होणं हा वेगळा दोष. दोन ऑसिलेटर जवळ आले की एकमेकांना खेचून एकाच वारंवारतेवर कुलूपबंद होतात. थोडं खेचणं प्रत्येक बीएफओत असतं, पण गप्प पट्टा रुंद असेल तर बॅटरीच्या ओळीवरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेला आहे असं समजा, कारण मग दोघे पुरवठ्यातून एकमेकांना ऐकतात. तो बदला: मूल्य तेवढंच, व्होल्टेज जास्त चालेल. सगळे ट्रान्झिस्टर पीएनपी (वजा पुरवठ्यावर चालणाऱ्या) प्रकारचे आहेत, म्हणजे बॅटरीचा अधिक टोक पेटीला असण्याची दाट शक्यता. आजच्या सवयीने वजा पेटीला लावलात तर नवा कपॅसिटर उलटा बसेल. आधी मीटरने पाहून घ्या.

ट्यूनिंगच्या भागातले पॉलिस्टायरीन किंवा सिल्व्हर मायका कपॅसिटर कितीही कळकट दिसोत, त्यांना हात लावू नका. ते सहसा बिघडत नाहीत. त्यांच्या जागी साधा सिरॅमिक बसवला तर तापमानाबरोबर सूर आणखी पळेल. एखादा तुटलाच असेल तर एनपीओ (तापमानाने मूल्य न बदलणाऱ्या) प्रकारचाच घ्या.

काळी_कसदार

वरच्या उत्तरात बॅटरीची गळती राहिली. कार्बन-झिंकची गळती आम्लधर्मी असते. एक वाटी पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने फक्त पत्रा आणि क्लिप घासा. फसफस थांबली की पाण्याने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. अल्कलाइन सेल फुटला असेल तर उलट: ती गळती क्षारधर्मी, म्हणून व्हिनेगर. दोन्ही द्रव बोर्डावर जाऊ देऊ नका. क्लिपची तार आतून हिरवी झाली असेल तर ती पूर्ण बदला. हिरवेपणा आवरणाच्या आतून वर चढत जातो, टोक कापून भागत नाही.

नवीन बॅटरीबरोबर मालिकेत मिलीअँपिअर मीटर लावा. पाच ट्रान्झिस्टरच्या यंत्राला साधारण ५ ते १५ मिलीअँपिअर लागावेत. ५० च्या पुढे गेलं तर बंद करा, शॉर्ट आधी शोधा.

कॉइल तपासायची साधी रीत: यंत्र चालू करून तळहात कॉइलवर टेकवा. सूर थोडा हलला तर ठीक. खूप हलला तर कॉइलभोवतीच्या फॅरेडे कवचाचा (हाताचा-गवताचा विद्युत परिणाम अडवणाऱ्या धातूच्या वेष्टनाचा) सांधा सुटला आहे, आणि मग ओल्या गवतावरही यंत्र खोटं ओरडणार. कवच परत जोडताना त्यात एक फट असलीच पाहिजे. पूर्ण कडं केलंत तर तोच एक शॉर्ट झालेला वेढा बनेल आणि यंत्र जवळजवळ आंधळं होईल. केबल कॉइलमध्ये शिरते तिथे हलवून बघा, बहुतेक तुटलेल्या तारा त्याच वळणावर तुटतात.

सूर सरकण्यात आपल्याकडच्या उन्हाचा हात मोठा आहे. जर्मेनियमचा गळतीप्रवाह तापमान ८-१० अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो, आणि उन्हात ठेवलेली पत्र्याची पेटी त्याहून बरीच तापते. त्या अवस्थेत कोणताही जर्मेनियम बीएफओ जागेवर राहणार नाही, त्याला दोष समजू नका. सकाळी सावलीत १५ मिनिटं चालू ठेवून मग परीक्षा घ्या. एवढं करूनही सूर एकाच दिशेने पळत राहिला तर बायसच्या (ट्रान्झिस्टरचा प्रवाह ठरवणाऱ्या) कार्बन रेझिस्टरांची मूल्यं मोजा, जुने रेझिस्टर वरच्या बाजूला सरकलेले सापडतात. २० टक्क्यांपर्यंतचा फरक या सर्किटला खपतो. त्यापुढचेच बदला.

चोपडेकर_संग्राहक

चौथे पाय दोन्ही मोकळे केले, टिचकीने आता काही होत नाही. इलेक्ट्रोलिटिकही बदलला, सूर अगदी टक-टक ठोक्यांपर्यंत खाली येतो. पण नाणं अजून अडीच इंचांच्या वर कळत नाही. आणि शेतात काळ्या मातीवर कॉइल खाली-वर झाली की सूर तसाच हलतो. हा दोष आहे का?

काळी_कसदार

आधी नाणं कोणतं ते सांगा. १९९२ पासूनचा रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे, चुंबकाला चिकटतो आणि बीएफओसाठी वाईट नमुना आहे. १९७५ ते १९९१ मधला तांबं-निकेलचा रुपया घ्या, किंवा ब्रिटिशकालीन तांब्याचं पाव आण्याचं नाणं. ८ इंची कॉइलच्या बीएफओने असं नाणं हवेत ३ ते ४ इंचांवरून दाखवलं तर यंत्र निरोगी आहे. या प्रकारच्या यंत्राची ताकद मोठ्या वस्तूंवर असते. लहान नाण्यासाठी ५-६ इंचांची कॉइल बरी, पण संग्रहातल्या यंत्राला दुसरी कॉइल लावायची गरज नाही.

मातीचं कारण आपल्या भूगर्भात आहे. आपली काळी माती दख्खनच्या बेसॉल्टपासून बनली, आणि बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) असतं. मॅग्नेटाइट कॉइलचं इंडक्टन्स वाढवतं, म्हणून तिची वारंवारता खाली जाते. तांब्याचं नाणं उलट करतं: त्यात भोवरा-प्रवाह तयार होतात, इंडक्टन्स घटतं, वारंवारता वर जाते. याचाच फायदा घ्या. शून्याच्या ज्या बाजूला नाण्याने सूर चढतो ती बाजू निवडा. मग माती सूर खाली ओढेल आणि धातू वर चढवेल, कानाला दोन्ही वेगळे कळतील. दुसऱ्या बाजूला ठेवलंत तर मातीवर कॉइल टेकताच धातू लागल्यासारखं वाटेल.

ट्यूनिंग नेहमी जमिनीवरच करा, कॉइल दोन बोटं वर धरून, आणि ती उंची शेवटपर्यंत राखा. सूर मंद ठेवा. १०० किलोहर्ट्झच्या यंत्रात लांबचं नाणं काही हर्ट्झचाच फरक पाडतं. २० ठोक्यांत ५ वाढले तर लगेच कळतात, १००० च्या शिट्टीत नाही.

मातीचा परिणाम काढून टाकणारी व्हीएलएफ (अतिकमी वारंवारतेची) यंत्रं नंतर, सत्तरच्या दशकात बाजारात आली. तुमच्या यंत्राकडून ते काम मागू नका.

धुळे_जुनाबाजार

यंत्राची ओळख पटवण्याबद्दल. बीईएलचा शिक्का म्हणजे ट्रान्झिस्टर बंगळुरूचे, तेव्हा जोडणी भारतातच झाली असण्याची शक्यता जास्त. असं यंत्र कुणा कारागिराने छापील आराखड्यावरून बनवलेलंही असू शकतं. पट्टी कधी नव्हतीच की पडली, हे पेटीवरच्या रिव्हेटच्या छिद्रांवरून आणि रंगाच्या फिकट चौकोनावरून ठरवा. छिद्रंच नसतील तर नाव शोधण्यात वेळ घालवू नका, यंत्राची नोंद सर्किटवरून करा: बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि हाताने काढलेला आराखडा.

पुढे परदेशी यंत्र हाती आलं तर आवाजाच्या पोटेन्शिओमीटरची (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरची) पाठ वाचा. १३७७२१४ असा आकडा असेल तर १३७ म्हणजे सीटीएस ही बनवणारी कंपनी, ७२ म्हणजे १९७२ आणि १४ म्हणजे चौदावा आठवडा. यंत्र त्याआधीचं असू शकत नाही. व्हाइट्स (ओरेगन, २०२० मध्ये बंद), गॅरेट (१९६४ पासून), कंपास, इंग्लंडची सी-स्कोप यांची सत्तरच्या दशकातली यंत्रं संग्राहक आवर्जून शोधतात. त्याच्याही मागे गेलं तर गेरहार्ड फिशरचं १९३७ चं अमेरिकी पेटंट आणि दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी एससीआर-६२५. तो सुरुंगशोधक व्हॉल्व्हवर चालायचा आणि त्याला शंभराच्या वर व्होल्टची वेगळी बॅटरी लागायची. तसं काही भंगारात दिसलं तर चालू करून बघू नका, आधी कपॅसिटर तपासा.

काढलेला प्रत्येक भाग, तुमचा वाळलेला इलेक्ट्रोलिटिकसुद्धा, चिठ्ठी लावून यंत्राबरोबरच ठेवा. पेटीला नवा रंग देऊ नका, गंज थांबवायला मेणाचा पातळ हात पुरे. बोर्डावरचा ट्रिमर (बारीक जुळवणीचा स्क्रू) फिरवायचाच असेल तर आधी पेनने खूण करा.

आणि चाचणी घरच्या अंगणात, स्वतः पुरलेल्या नाण्यांवर करा. थाळनेरच्या फारुकी कबरी, पाटणादेवीचा परिसर, बलसाणे, प्रकाशा-बहाळची टेकाडं अशा खानदेशातल्या जुन्या जागी हे यंत्र घेऊन फिरू नका. संरक्षित जागी खणणं गुन्हा आहे, आणि उकरल्याने थर मोडले की उत्खननकाराला त्या जागेतून पुढे काही वाचता येत नाही. स्वतःच्या शेतातही जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय, कुठे, कधी आणि अंदाजे किंमत. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

भुसावळ_सोल्डर

ठेवण्याबद्दल एवढंच. चाचणी झाली की बॅटरी काढा, एका दिवसासाठीही आत ठेवू नका. पावसाळ्यात फिनोलिक बोर्ड ओल धरतो, म्हणून बंद डब्यात सिलिका जेल घाला आणि तिचा रंग बदलला की गरम करून परत वापरा. केबल पीव्हीसीची असेल तर ती थर्माकोलला टेकू देऊ नका. पीव्हीसीतलं मऊ करणारं रसायन थर्माकोल विरघळवतं आणि केबल चिकट होते. सुती कापडात सैल वेटोळं करून ठेवा, कॉइलच्या तोंडाशी घट्ट वळण नको.