बीथोव्हेनचं ओपस १३०: कुणाचं रेकॉर्डिंग घ्यावं?

निळापारवा:
व्हॉयेजर यानासोबत अंतराळात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे माहीत होतं पण ती तबकडी ओळीने कधी ऐकली नव्हती, परवा ऐकली. केसरबाईंनंतर एक अमेरिकन ब्लूज आणि मग अगदी शेवटी बीथोव्हेनची कॅव्हातीना, म्हणजे गाण्यासारखी संथ रचना, बुडापेस्ट क्वार्टेटने (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चौघांच्या संचाने) वाजवलेली, साडेसहा मिनिटांची. तेव्हापासून दुसरं काही ऐकवतच नाहीये. ती ओपस १३० या क्रमांकाच्या, चौघांसाठी लिहिलेल्या क्वार्टेटची पाचवी मूव्हमेंट (भाग) आहे एवढं शोधलं, पण पूर्ण क्वार्टेट बघायला गेलं तर काही सीडींवर शेवट हलकाफुलका आहे आणि काहींवर पंधरा मिनिटांचं एकदम अंगावर येणारं काहीतरी. यातलं खरं कुठलं?

अधलामधला:
दोन्ही खरे. तो मोठा शेवट म्हणजे ग्रोसे फुगे, जर्मनमध्ये 'मोठी फ्यूग': एकच धून चौघं एकामागून एक उचलतात आणि एकमेकांत गुंफत जातात. मार्च १८२६ ला व्हिएन्नात पहिल्यांदा वाजवलं तेव्हा लोकांनी मधल्या दोन मूव्हमेंट पुन्हा वाजवायला लावल्या, फुगे मात्र पचली नाही. मग प्रकाशक आर्टारियाच्या आग्रहामुळे ती ओपस १३३ म्हणून वेगळी निघाली आणि बीथोव्हेनने त्याच वर्षी नवा शेवट लिहिला, पुढच्या मार्चमध्ये तर तो गेलाच. मी फुगेवाल्या बाजूचा. कॅव्हातीना विरते न विरते तोच चौघं एकाच सुरावर तुटून पडतात, ते ऐकल्यावर दुसरा शेवट फार सोपा वाटतो. सीडीत १३३ असेल तर ट्रॅकचा क्रम बदलून ऐका.

जुनीतबकडी:
बुश क्वार्टेट ऐका, १९४१ चं. मोनो आहे, खरखर आहे, तरी तेच. अडॉल्फ बुश ज्यू नव्हता, तरी १९३३ मध्ये त्याने जर्मनीत वाजवणं सोडलं. त्याच्या व्हायोलिनमध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं आहे ना, आपल्याला मींडेची सवय असल्यामुळे ते लगेच भिडतं. कॅव्हातीनाच्या मध्यात बीथोव्हेनने 'बेक्लेम्ट' लिहिलंय, म्हणजे छाती दाटून आल्यासारखं. खालचे तिघं संथ वाजवत राहतात आणि वरचं व्हायोलिन हुंदक्यासारखं तुटत जातं, ताल सुटला की काय असं वाटतं पण ते तसंच लिहिलेलं आहे. स्वच्छ आवाज हवा असेल तर क्वार्तेत्तो इटालियानो, तेही सुंदर.

निळापारवा:
दोघांचेही आभार. बुशचं काल रात्री ऐकलं, ती तुटणारी जागा आली आणि पुढचं ऐकायच्या आधी थांबावंच लागलं. मग फुगे लावली. पहिल्यांदा काहीच हाती लागलं नाही, दुसऱ्यांदा नुसता चेलो धरून ऐकत राहिलो तेव्हा थोडा धागा सापडला. आज परत लावतोय.