मदत हवी आहे : पूरकाळात बिनतारी संदेशवहनासाठी गावातल्या स्वयंसेवकांना प्रशिक्षण कसे द्यावे?

नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात राहतो. आमच्या तरुण मंडळाचे १८ जणांचे पूर-मदत पथक आहे. त्यातल्या चौघांनी शोध आणि बचावाचे रीतसर प्रशिक्षण घेतले आहे. बोट चालवणे, दोराच्या गाठी, प्रथमोपचार हे सारे त्यांना येते. संदेशवहन मात्र आमच्यापैकी कोणालाच येत नाही, आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात आम्ही नेमके तिथेच कमी पडलो. वीज गेली, त्यापाठोपाठ मोबाईलचे मनोरे बंद पडले. शाळेच्या गच्चीवर थांबलेल्या एका आजींचे इन्सुलिन संपल्याचा निरोप सकाळी निघाला, तो बोटीतल्या माणसाबरोबर तोंडी फिरत फिरत संध्याकाळी योग्य ठिकाणी पोहोचला. औषध रात्री आले आणि आजी वाचल्या. पण तो दिवस आमच्यापैकी कोणीही विसरलेले नाही.

गेल्या महिन्यात पथकातल्या एकाने ऑनलाइन दोन वॉकीटॉकी मागवले. विक्रेत्याने परवान्याची गरज नसल्याचे सांगितले होते. संच हातात आल्यावर तसे वाटत नाही, म्हणून ते आम्ही बंद करून कपाटात ठेवले आहेत. त्यानंतर यंत्रांशिवायच एक सराव करून पाहिला. पाच जणांना गावात अंतराअंतरावर उभे केले आणि एकाने दुसऱ्याला ओरडून निरोप द्यायचा असे ठरवले. ‘औरवाडला ५९ माणसे अडकली आहेत’ हा निरोप शेवटच्या माणसाकडे ‘गौरवाडला ६१ माणसे’ असा पोहोचला. एकोणसाठचे एकसष्ट झाले. औरवाड आणि गौरवाड ही दोन्ही गावे आमच्याच तालुक्यात आहेत, त्यामुळे ऐकणाऱ्याला शंकाही आली नाही. खरा पूर असता तर बोट चुकीच्या गावाला गेली असती. कोल्हापूरजवळ पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ आहे, पण पातळीचा एक आकडा एका तोंडातून दुसऱ्या कानात जसाच्या तसा कसा पोहोचवायचा, हे आम्हाला कोणी शिकवलेले नाही.

म्हणून जाणकारांना विनंती आहे. हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्यासाठी शेतकरी आणि दुकानदार असलेल्या माणसांनी सुरुवात कुठून करावी? परवाना मिळेपर्यंत कायद्याच्या चौकटीत राहून काय वापरता येईल? आणि मराठीतून निरोप देण्याची काही ठरलेली पद्धत आहे का? आम्ही बोलणार मराठीतच. संकटात कोणाला इंग्रजी सुचणार नाही.

प्रतिसाद

आपला सराव वाचून फार बरे वाटले, कारण बहुतेक पथके आधी यंत्रे घेतात आणि बोलण्याची शिस्त शेवटी आठवते.

आधी परवान्याबद्दल. तो केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा देते आणि अर्ज सरल संचार या संकेतस्थळावरून करायचा असतो. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षा देता येते. तिचे दोन भाग असतात, एक रेडिओच्या तत्त्वांचा आणि दुसरा नियमांचा. मर्यादित श्रेणीसाठी मोर्स संकेत लागत नाहीत, म्हणून सर्वांनी तिथूनच सुरुवात करावी. सामान्य श्रेणीला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स यावा लागतो. १८ पैकी पाच-सहा जणांनी परवाना घेतला तरी पथक उभे राहते. एरवी परवानाधारकाला इतरांचे निरोप पोहोचवता येत नाहीत, पण पूर आणि भूकंपासारख्या आपत्तीत नियमांनीच ती मुभा दिली आहे. मात्र जिल्हा प्रशासनाला तसे कळवावे लागते, म्हणून आपत्ती व्यवस्थापन कक्षाशी ओळख पावसाळ्याआधीच करून ठेवा.

कपाटातले संच तिथेच राहू द्या. ते १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलणारे असतील, तर परवान्याशिवाय त्यांवर बोलणे गुन्हा आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले, मान्यता मिळालेले कमी शक्तीचे संच विनापरवाना वापरता येतात. त्यांचा पल्ला गावापुरताच असतो, पण बोट ते शाळा एवढ्या अंतराच्या सरावाला ते पुरतात. तालुक्याबाहेर, कोल्हापूर किंवा पुण्यापर्यंत बोलायचे असेल, तर परवानाधारकाला ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करावे लागेल. त्यासाठी साधारण २० मीटर तारेचा द्विध्रुव, म्हणजे डायपोल अँटेना, पुरतो. मधोमध केबल जोडायची आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार ताणायची. तार बारा-पंधरा फुटांवर बांधली की लहरी वर जाऊन पुन्हा खाली येतात आणि दिवसा दोन-तीनशे किलोमीटरच्या परिघात आवाज पोहोचतो. इथे उंच मनोऱ्याची गरज नसते. पुरात हाताशी असलेले बांबू आणि ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी यांवर हे काम होते.

आता मराठीबद्दल, कारण आपला खरा प्रश्न तोच आहे. जोडून म्हटलेली संख्या रेडिओवर कधीच म्हणू नये. एकोणसाठ न म्हणता ‘पाच, नऊ’ असे सुटे अंक म्हणावेत. गावाचे नाव एकदा सरळ सांगून मग अंकलिपीतल्यासारखे फोडून सांगावे : ‘गौरवाड, गणपतीतला ग’, ‘औरवाड, औषधातला औ’. ऐकणाऱ्याने निरोप लिहून घ्यावा आणि जसाच्या तसा परत वाचून दाखवावा, आणि पाठवणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय तो पोहोचला असे धरू नये. निरोपाच्या वहीत क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणाला आणि मजकूर एवढेच रकाने ठेवा. पथकातल्या एकाने नियंत्रक व्हावे, आणि त्याने नाव घेतल्याशिवाय इतरांनी बोलू नये. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातून बाहेर निरोप गेले, ते भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम आधीपासून पोर्ट ब्लेअरमध्ये संच लावून बसलेले होते म्हणून. यंत्रावरचा हात आणि बोलण्याची शिस्त त्यांना त्या दिवशी नव्याने शिकावी लागली नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. कालच अंगणवाडीतून अंकलिपी आणली आणि तालुक्यातल्या ऐकायला सारख्या वाटणाऱ्या गावांची यादी करायला घेतली आहे. राजापूर आणि राजापूरवाडी ही दुसरी जोडी लगेच सापडली. इथे मात्र पहिले अक्षरही एकच आहे, त्यामुळे नाव फोडून सांगूनही घोटाळा टळणार नाही. अशा जोड्यांना आम्ही आपसांत क्रमांक द्यावेत, की प्रशासनाच्या यादीत नसलेले क्रमांक वापरल्याने नियंत्रण कक्षात नवाच गोंधळ होईल?