जिम्नीच्या आर्ममध्ये पॉली बुश: सुधारणा की उलटा धंदा?

त्र्यंबकरोडवाला:
नाशकात सध्या जो तो लिंकमधलं (अ‍ॅक्सल चॅसिसला जोडणाऱ्या दांड्यांच्या टोकांचं) रबराचं बुश काढून पॉली, म्हणजे कडक पॉलियुरेथेनचं बुश, नाहीतर थेट हाइम जॉइंट, म्हणजे धातूच्या गोळ्याचा सांधा, बसवतोय. मारुतीच्या जिम्नीपुरतं मला हे पटत नाही. पुढचा रेडियस आर्म (अ‍ॅक्सलला जागेवर धरणारा लांब दांडा) अ‍ॅक्सलला दोन बोल्टांनी धरलेला असतो, चॅसिसला एकाने. एक चाक दगडावर चढलं आणि दुसरं खड्ड्यात उतरलं, की दोन्ही आर्म अ‍ॅक्सलला विरुद्ध दिशांनी पिळतात. तो पीळ रबरच पोटात घेतं. तिथं कडक पॉली ठोकलंत तर सगळा अ‍ॅक्सल अँटीरोल बारसारखा (गाडी कलू न देणाऱ्या दांड्यासारखा) वागतो आणि चाक हवेत. ऑफरोडसाठी खर्च करून ऑफरोडच घालवायचं!

गिअरबॉक्स_सातपूर:
भाऊ, पुस्तकात ठीक आहे. मोठे टायर लावल्यावर रबर दबतं, स्टिअरिंग ढिलं वाटतं. शिवाय ऑइल लागलं की रबर फुगतं, चिरतं. पॉलीला त्याचं फारसं काही नाही, आणि प्रेसशिवाय हातानं बसतं.

थारप्रेमी:
नव्या थारच्या मागच्या लिंकना दोन्ही टोकांना एकेकच बोल्ट आहे, तिथं हे गणित वेगळं. एका टोकाला जॉनी जॉइंट (ग्रीस भरायचा, आत गोळा असलेला सांधा) बसवा, दुसऱ्याला रबर ठेवा. गोळा फिरतो, रबर धक्का खातं. ग्रीस मात्र भरत राहावं लागतं.

चिखल्या:
स्पर्धेत उतरणाऱ्याला हाइमच हवा. लिंक तसूभर हलत नाही. आवाजाचं काय घेऊन बसलात?

त्र्यंबकरोडवाला:
स्पर्धेची गाडी ट्रेलरवरून जाते हो, दादा. इथं तीच गाडी सोमवारी द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये असते. इगतपुरीच्या पावसात हाइमच्या उघड्या गोळ्यात चिखल गेला की खडखड सुरू, आणि ती थेट चॅसिसमधून कानात.

सातपूरकर, रबर फाटतं त्याचं कारण बऱ्याचदा फिटिंगमध्ये असतं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली आली की बुश कायमचं पिळलेलं राहतं. चाकांवर वजन येऊ द्या, मग आवळा. पॉलीत स्लीव्ह फिरते, म्हणून ती चूक खपून जाते.

गिअरबॉक्स_सातपूर:
बोल्टचं मान्य. पण ढिल्या स्टिअरिंगचं काय?

त्र्यंबकरोडवाला:
आधी पॅनहार्ड रॉड बघा. अ‍ॅक्सल आडवा सरकू नये एवढंच त्याचं काम, पीळ फारसा नाही. तिथं खुशाल पॉली घाला, सिलिकॉन ग्रीस लावून. नाहीतर कुईकुई करत घरी याल.