फुगे झेल्डात जुनेच आहेत

वर कोणीतरी म्हटलंय की झेल्डा या व्हिडिओ गेम मालिकेत फुग्याचा खरा उपयोग 'टिअर्स ऑफ द किंग्डम'मध्येच (2023) आला, आधी नुसती सजावट होती. अर्धं पटलं. तिथला गरम हवेचा फुगा भारीच आहे, फळी जोडायची, मधोमध आग ओकणारं यंत्र लावायचं आणि वर जायचं, बॅटरी खातं ते यंत्र, फुगा नाही. पण सजावट कशी काय? 2000 च्या 'मजोराज मास्क'मध्ये नकाशे विकणारा टिंगल लाल फुग्याला लटकून हवेत तरंगत असतो, तो फुगा फोडून त्याला खाली आणल्याशिवाय नकाशे मिळत नाहीत, आणि सुरुवातीला आपला नायक लिंक डेकू (लाकडी प्राण्याच्या) रूपात असताना तोंडातला बुडबुडा मारूनच फोडावा लागतो. म्हणजे फुगा तिथे निशाण्याचं टार्गेट आहे, वाहन नव्हे.

आणि 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (2017) सगळे विसरलेच का? ऑक्टोरॉक (ऑक्टोपससारखा शत्रू) मारला की ऑक्टो बलून मिळतो, तो एखाद्या वस्तूला चिकटवला की ती थोडा वेळ वर उचलली जाते आणि मग फुगा फुटतो. जड वस्तूला एक पुरत नाही, दोन-तीन लावावे लागतात, मी पहिल्यांदा एकच लावून बराच वेळ वाट बघत बसलो होतो. शत्रूंचे ते हवेतले टेहळणी मचाणही फुगलेल्या ऑक्टोरॉकवरच तरंगतात, बाण मारून ते फोडले की वरची सगळी मंडळी धपकन खाली, लढायची गरजच नाही. मला तरी नंतरच्या 'टिअर्स'मधल्या विमानबांधणीपेक्षा ही गंमत जास्त आवडते.