ग्राफिक्स कार्ड टाकूनही गेम अडखळतो, मदरबोर्ड खरंच बदलावा लागेल का? (मदत हवी आहे)

रात्रपाळी (धागाकर्ता):

मंडळी, जरा लांबड लावतोय, कारण अर्धवट माहिती दिली की पहिले सगळे प्रतिसाद 'कॉन्फिग सांग' एवढेच येतात.

राहायला मांद्र्याला, समुद्र घरापासून चालत जाण्याइतका. पीसी २०२१ च्या शेवटी घेतला, तेव्हा कार्डांचे भाव काय होते ते आठवत असेलच, मायनिंगवाले आणि चिपची टंचाई दोघांनी मिळून वाट लावलेली, म्हणून म्हटलं आतल्या ग्राफिक्सवर भागवू आणि स्वस्ताई आली की कार्ड टाकू, आणि रायझन ५ ५६००जी घेतला. बोर्ड बी५५०, रॅम ८ जीबीची एकच पट्टी, ३२०० ची, एनव्हीएमई एसएसडी, एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) ४५० वॅट, मॉनिटर १०८०पी १४४ हर्ट्झ. आता मित्राकडून आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबी सेकंडहँड घेतलं, कार्ड चांगलं आहे, त्याच्याकडे मी स्वतः चालताना बघितलंय, त्याचा प्रोसेसर साधा ५६०० आहे, बोर्ड माझ्यासारखंच.

प्रॉब्लेम असा की एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढलेत पण गेम खेळवत नाही. फोर्झा होरायझन ५ आधी लो सेटिंगवर ३० च्या आसपास रडतखडत चालायचा, आता हाय वर ६० च्या वर दाखवतो, पण शहरात शिरलो किंवा जोरात वळण घेतलं की अर्धा सेकंद सगळं गोठतं, मग परत सुरळीत, मग परत तेच. जीटीए ५ मध्ये टेक्सचर (भिंती-रस्त्यांवर चढवलेली चित्रं) व्हेरी हाय ठेवलं तर तसंच. वॅलोरंट मात्र लोण्यासारखा, काही त्रास नाही. अजून एक, क्लिप रेकॉर्ड करायला घेतली की गेम पार झोपतो.

करून झालेल्या गोष्टी: डीडीयूने (ड्रायव्हर साफ करायचं सॉफ्टवेअर) जुने ड्रायव्हर काढून नवे टाकले. एचडीएमआय केबल कार्डालाच लावलेली आहे, बोर्डाला नाही (हे विचारू नका प्लीज). विंडोजमध्ये रिफ्रेश रेट १४४ केलाय. आमच्या खोलीत एसी नाही तरी गेम चालू असताना प्रोसेसर ७८ आणि कार्ड ७२ च्या पुढे जात नाही.

आता खरा मुद्दा. रिपेरवाल्याला दाखवलं, त्याने बाजूचा पत्रा उघडला, मागचे स्क्रू आणि पोर्टांभोवतीची पट्टी गंजलेली बघितली आणि सरळ सांगितलं, खाऱ्या वाऱ्याने बोर्ड खाल्लंय, स्लॉटला करंट नीट जात नाही, बोर्ड बदला, नऊ हजार. आमचे बाबा म्हणतात बोर्ड-बिर्ड काही नाही, लाईटीचा व्होल्टेज कमी आहे, आणि खरंय ते, मे महिन्यात संध्याकाळी यूपीएस कुईंकुईं करत असतो. नऊ हजार घालायची तयारी आहे पण घालून परत तेच झालं तर? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सोलकढी१४४:

ड्रायव्हर जुना टाकून बघ. नाहीतर विंडोज नवीन मार.

गप्पिष्ट:

एकच ८ जीबीची पट्टी, तिथेच सगळं आलं. ८ जीबीवर फोर्झा चालवणं म्हणजे छळ आहे, गेमचा नाही, तुझा. दुसरी पट्टी टाक, ड्युअल चॅनल होईल, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकदम वापरल्या जातील. बोर्डाला हात लावू नकोस तोवर.

जुनाट_सीआरटी:

गप्पिष्ट यांचं बरोबर आहे पण अर्धंच. आधी लाईट आणि गंज हे दोन विषय बाजूला करूया.

व्होल्टेज पडलं तर पीसी बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो. एसएमपीएसला वीज पुरत नाही म्हणून गेम अर्धा सेकंद थांबला आणि परत छान चालू झाला, असं होत नाही. गंजाचंही तसंच. आम्ही कोलव्याजवळ राहतो, स्क्रू इकडेही पावसाळ्यात लाल होतात, त्याने बोर्ड मरत नाही. बोर्ड खरंच खाल्लं गेलं असतं तर पीसी चालूच झाला नसता, यूएसबी पोर्ट मेले असते, ब्लू स्क्रीन आली असती, आणि वॅलोरंटमध्येही त्रास झाला असता. तुमचा त्रास फक्त जड टेक्सचरच्या गेममध्ये आहे आणि तोही नवीन जागा लोड होताना. हा पुरावा रिपेरवाल्याने ऐकूनच घेतला नाही असं दिसतंय.

आता कार्ड. ६५०० एक्सटीला स्लॉट लांबडा दिसत असला तरी आत लेन, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटा, फक्त चार आहेत, एक्स४. पीसीआयई (कार्डाच्या स्लॉटची पद्धत) ४.० वर त्या चार लेन चालून जातात. पण तुमचा ५६००जी, बोर्ड बी५५० असूनसुद्धा, फक्त जुनं ३.० देतो. ५६०० किंवा ५६००एक्स ४.० देतात, 'जी' वाला देत नाही. म्हणून मित्राकडे तेच कार्ड तशाच बोर्डावर बरं चाललं आणि तुमच्याकडे नाही. ३.० च्या चार लेन म्हणजे सेकंदाला जेमतेम ४ जीबी.

एरवी यानेही फार बिघडत नाही. बिघडतं कधी तर कार्डाची स्वतःची ४ जीबी मेमरी भरली की. तोवर कार्ड आपल्या मेमरीतून सेकंदाला १४४ जीबीने वाचत असतं, ती भरली की उरलेलं टेक्सचर तुमच्या रॅममध्ये ठेवतं आणि तिथून त्या ४ जीबीच्या वाटेने ओढून आणतं. झुआरीच्या नव्या पुलावरून भरधाव यायचं आणि पुढे केरीला तेरेखोलच्या फेरीबोटीची वाट बघत उभं राहायचं, तो जो अर्धा सेकंद आहे ना तो हा. हे कार्ड जानेवारी २०२२ मध्ये आलं तेव्हा रिव्ह्यूवाल्यांनी ३.० आणि ४.० वर लावून याचीच तुलना केली होती.

पैसे न घालता तपासायचं तर दोन गोष्टी. एक, जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बस इंटरफेसची ओळ बघा, बाजूच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालू ठेवा, नाहीतर कार्ड आराम करत असताना तो आकडा आणखी खाली दाखवतो आणि माणूस घाबरतो. दोन, फोर्झामध्ये बाकी काही न बदलता फक्त टेक्सचर एक-दोन पायऱ्या खाली आणा. गोठणं गेलं तर बोर्ड निर्दोष. आफ्टरबर्नरचा ओव्हरले (गेमवरच आकडे दाखवणारी पट्टी) लावून व्हिडिओ मेमरी किती भरते आणि फ्रेमटाइमची (एक चित्र यायला लागणाऱ्या वेळेची) रेघ कुठे उडी मारते ते एकदम बघा, एफपीएसच्या सरासरीवर जाऊ नका, सरासरी या बाबतीत खोटं बोलते.

सोलकढी१४४:

एवढं सगळं एका कार्डात? मग कंपनीने चार लेन दिल्याच कशाला.

जुनाट_सीआरटी:

मुळात ती चिप लॅपटॉपसाठीची, डेस्कटॉपच्या कार्डावर बसवली. म्हणूनच त्यात व्हिडिओ एन्कोडरही (रेकॉर्डिंगची फाइल बनवणारा भाग) नाही, आणि धागाकर्त्याची क्लिप रेकॉर्ड करताना गेम झोपतो त्याचं कारण तेच, सगळं एन्कोडिंग प्रोसेसरवर येऊन पडतं.

गप्पिष्ट:

बरं रॅमचं माझं अजून संपलेलं नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी, तिथे खाली 'हार्डवेअर रिझर्व्ड' किती दाखवतंय ते सांग. आतल्या ग्राफिक्सवर खेळत होतास म्हणजे दुकानदाराने बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर (आतल्या ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली रॅम) वाढवून दिलेला असणार, सगळे देतात. कार्ड टाकलं तरी तो तसाच राहतो, म्हणजे तुझ्या ८ जीबीतली रॅम कोणी वापरत नसताना अडकून पडली असेल. आणि स्पीड पण बघ, एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू नसेल तर ३२०० ची पट्टी २४०० किंवा २६६६ वर चालत असते.

रात्रपाळी (धागाकर्ता):

ड्युटीवरून आलो आणि आधी हेच करायला बसलो, आई म्हणाली निदान चहा तरी घे.

जीपीयू-झेड: एक्स४ ३.०. बरोब्बर तुम्ही म्हणालात तसं.

हार्डवेअर रिझर्व्ड २.१ जीबी!! म्हणजे विंडोजला ५.९ च मिळत होती, आणि मी क्रोम बंद कर, डिस्कॉर्ड बंद कर करत बसलेलो. स्पीड २६६६. बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं, यूएमए २ जीबीवरून ५१२ एमबी केला, आता ७.४ दाखवतंय आणि स्पीड ३२००.

मग फोर्झा. टेक्सचर हाय ठेवलं तर ओव्हरलेमध्ये व्हिडिओ मेमरी ३.९ ला जाऊन चिकटते आणि टास्क मॅनेजरमध्ये शेअर्ड जीपीयू मेमरी (कार्ड रॅममधून घेतं ती) वर चढायला लागते, आणि ती चढते तेव्हाच फ्रेमटाइमची रेघ उडी मारते, दोन्ही एकाच वेळी, शंकाच नको. टेक्सचर मीडियम केलं, ३.२ वर थांबली, तोच रस्ता तीच गाडी, गोठणं गेलं. अधेमधे बारीकसा हिसका येतो पण तो आधीच्या मानाने काहीच नाही. आणि खरं सांगायचं तर मीडियम आणि हाय मधला फरक मला गाडी चालवताना दिसतसुद्धा नाही, थांबून भिंती बघत बसलं तर दिसेल.

रिपेरवाल्याला फोन करून सांगितलं बोर्ड नको, तो म्हणाला पावसाळ्यात येशीलच. बाबांना सांगितलं व्होल्टेज नाही, ते म्हणाले मग यूपीएस का ओरडतो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

सगळ्यांना देव बरें करूं. आता पुढचा प्रश्न, बोर्डाचे नऊ हजार वाचले ते कुठे घालू? मित्र म्हणतो प्रोसेसर साधा ५६०० घे म्हणजे ४.० मिळेल. की कार्ड विकून दुसरं घेऊ?

जुनाट_सीआरटी:

यूपीएस ओरडतो कारण व्होल्टेज खरंच पडतं, बाबा बरोबर आहेत, फक्त ते गेम थांबण्याचं कारण नव्हतं. तो जुना असेल तर बॅटरी तपासून घ्या, पावसाळा तोंडावर आहे आणि बायोस अपडेट करताना लाईट गेली तर मग मात्र बोर्ड खरंच जाईल.

पैशांचं म्हणाल तर सगळ्यात आधी ८ जीबीची आणखी एक पट्टी, यात चर्चा नको. तशाच स्पीडची घ्या आणि बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या स्लॉटमध्ये लावा, चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा.

प्रोसेसर बदलून ४.० मिळेल, ५६०० ला एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) पण ३२ एमबी आहे, तुमच्याला १६, त्यामुळे वॅलोरंटमध्येही फरक पडेल. पण कार्डाची मेमरी ४ जीबीच राहणार आणि एन्कोडरही येणार नाही. शिवाय ५६०० ला आतलं ग्राफिक्स नाही, उद्या कार्ड रुसलं तर स्क्रीन काळी.

मी असतो तर कार्ड बदललं असतं. आरएक्स ६६०० बघा, ८ जीबी, लेन आठ, त्यामुळे तुमच्या ३.० वर सुद्धा त्याचं फारसं अडत नाही, एन्कोडर आहे, वीज १३२ वॅट म्हणजे चांगल्या कंपनीचा ४५० वॅट एसएमपीएस पुरतो. फक्त ८ पिनची वायर आहे का ते आधी बघा, ६५०० एक्सटीला बहुतेक ६ पिन असते, आणि अडॅप्टर लावून जुगाड करू नका.

गप्पिष्ट:

सेकंडहँड घेणार असशील तर समोर लावून अर्धा तास तरी गेम चालवून बघ, पंख्याचा आवाज ऐक, आणि मागच्या पोर्टांना गंज आहे का बघ, म्हणजे विकणारा पण आपल्यासारखा समुद्राकाठचाच आहे हे कळेल. भाव मात्र गोव्यात कुठल्याही दुकानात विचारशील तर ऑनलाईनपेक्षा जास्तच सांगतील. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरीसपासून (गोव्याचं सॉसेज) रोपांपर्यंत सगळं मिळतं, ग्राफिक्स कार्ड तेवढं मिळत नाही.

रात्रपाळी (धागाकर्ता):

वायर बघितली, ६+२ पिन आहे, म्हणजे चालेल. पट्टी ऑर्डर केली. ६५०० एक्सटी विकायला काढतोय, ज्याच्याकडे ४.० वाला प्रोसेसर आणि बोर्ड आहे त्यालाच देणार, उगाच कोणाच्या शिव्या नकोत. पेडणे-म्हापसा भागातलं कोणी असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, घरी येऊन चालवून बघा, क्लिप रेकॉर्ड करत असाल तर मात्र घेऊ नका.

आणि कोणाकडे ६६०० चालू असेल ५६००जी सोबत, तर फोर्झा हाय वर कसा चालतो तेवढं सांगा, ऑर्डर त्यानंतरच टाकतो.