बायबलमधलं वचन वाचलं आणि त्यापायी उठावंच लागलं, असं कधी झालंय का?

आज सकाळच्या वाचनात मत्तय 5:23-24 आलं आणि आप्पा आठवले. वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, ते. मी लहान होते, भर उपासनेत प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) जरा आधी आप्पा उठले आणि चालते झाले. आईला वाटलं चक्कर आली. गेले होते काकांकडे, वाटणीवरून अबोला होता. काकांनी दारच उघडलं नाही. आप्पा बंद दाराशीच बोलायचं ते बोलून आले, तोवर इकडे खुर्च्या उचलायला लागलेले. तेव्हा काकांचा भयंकर राग आलेला, आता वाटतं, दार उघडेलच असं त्या वचनात कुठे म्हटलंय. तुमचेही लिहा, नुसतं पाठांतर नको.

काजवा: काका पुढे बोलले का???

निवांत: याकोब 1:19. ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश. साहेबांना रात्री लांबलचक मेसेज टाईप केलेला, ह्या वचनामुळे पाठवला नाही. सकाळी त्यांचाच फोन, सॉरी म्हणाले. नाहीतर आज नोकरी शोधत असतो

टिकली: नीतिसूत्रे 27:14 वाचलंय का कोणी, पहाटे उठून मोठ्याने शेजाऱ्याला आशीर्वाद देणं म्हणजे शापच. मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर पाचला वचनाचे फोटो टाकणाऱ्यांना पाठवू का 😂

काजवा: पाठव पण दुपारी

उंबरठा: सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, मी रात्रंदिवस एकटी, प्रार्थनेला बसलं की डोळा लागायचा आणि लोक सांगणार पहाटे उठत जा. मंडळीतल्या एका मावशींनी 1 राजे 19 उघडून दिलं. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवून एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतोय, आणि देवदूत काय म्हणतो तर ऊठ, खा. खाऊन परत झोपला तरी ओरडत नाही, परत उठवून तेच. मावशी म्हणाल्या तू झोप, मी बसते ह्यांच्यापाशी. मग दर गुरुवारी दुपारी यायच्या, चप्पल हातात घेऊनच आत, आवाज नको म्हणून. प्रार्थना नंतर जमायला लागली, आधी झोप आली.

धुकं: रडवलंत ताई. माझ्याकडे अशा मावशी नव्हत्या. असो.

उंबरठा: @धुकं व्यनि करते.

धागाकर्ती: @काजवा बोलले, पण माझ्याशी. लग्नात सगळी धावपळ काकांनीच केली, आप्पांकडे मात्र बघितलंसुद्धा नाही. घराण्यात जिद्द भारी 😅

पोस्टमन: यिर्मया 29:11 सगळ्या कार्डांवर असतं, हिताचे संकल्प वगैरे. वरचं 10वं कोणी छापत नाही, बाबेलात 70 वर्षं भरल्यावर म्हणे! पत्र बंदिवासात नेलेल्यांना आहे, 5 ते 7 वाचा, घरं बांधा, मळे लावा, त्याच नगराचं हित बघा. माझी नको तिथे बदली झालेली, खोकी तशीच बांधलेली, महिनोन् महिने. हे वाचून उठलो, खिळे ठोकले, पडदे लावले, सोसायटीच्या मीटिंगला गेलो तर मलाच सेक्रेटरी केलं 🤦 आता पाण्याची मोटर बंद पडली की फोन मला

निवांत: पडदे ड्रिल न करता लागतात का हो, भाड्याचं घर आहे

धुकं: बाबा गेले तेव्हा सगळे देवाची योजना देवाची योजना. मी स्तोत्र 88 वाचायचे. दुःखाच्या बाकीच्या स्तोत्रांत बहुतेक शेवटी उजेड असतो, हे अंधारातच संपतं. तरी बायबलात आहे, कोणी काढून टाकलं नाही. म्हटलं मग माझंही चालेल. आईसमोर नाही बोलायचे, देवासमोर बोलायचे.

टिकली: @धुकं 🫂 सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्रसुद्धा सात दिवस सात रात्री नुसते जवळ बसले तोवर बरे होते, तोंड उघडलं आणि वाट लागली.

पोस्टमन: @निवांत स्प्रिंगचा रॉड घ्या, जड पडदा नको त्यावर, रात्री धाडकन पडतो

काजवा: माझाही एक आहे, लूक 10 मधल्या मार्थाचा, बहीण येशूचं ऐकत बसलेली आणि ही एकटी कामात, तिची बाजू घेणारं कोणीच नाही इथे? बाळ उठलं, रात्री लिहिते