टर्मिनल एडिटरात मराठी: विमचा दोष, की चौकटींचा?

कानामात्रा:
माझं मत सरळ आहे. एसएसएचवरून, म्हणजे टर्मिनल या आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून दूरच्या सर्व्हरशी जोडून, तिथे विम हा एडिटर उघडून देवनागरी फाइल दुरुस्त करू नये. फाइल उतरवा, ग्राफिकल एडिटरात बदला, परत चढवा. टर्मिनलचा पडदा म्हणजे एकसारख्या रुंदीच्या चौकटी, त्यात जोडाक्षरं बसत नाहीत. लोक उगाच फॉन्ट बदलत बसतात.

जोडाक्षर:
फॉन्टचं मान्य, बाकीचं नाही. घोळ मोजणीत आहे. युनिकोडमध्ये उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त 'एमएन' (जागा न घेणारी चिन्हं) वर्गात, तर काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, औकार आणि विसर्ग 'एमसी' (जागा घेणारी चिन्हं) वर्गात येतात. एमएनला बहुतेक सगळे शून्य रुंदी देतात. एमसीला बरीच टर्मिनलं १ चौकट देतात, विम मात्र शून्यच धरतो. त्यामुळे 'मुळे' लिहिलं तर कर्सर जागेवर. 'किती' लिहिलं की विमच्या हिशेबी २ चौकटी, टर्मिनलच्या हिशेबी ४, आणि तिथून पुढची ओळ सरकते. कंट्रोल-एलने पडदा पुन्हा रंगवला तरी मोजणी तीच. मध्ये टीमक्स (एका टर्मिनलात अनेक सत्रं चालवणारा प्रोग्राम) असेल तर रुंदीचा तिसरा हिशेब. नॅनो हा साधा एडिटर सिस्टमच्याच डब्ल्यूसीविड्थला (अक्षराची रुंदी सांगणारं फंक्शन) विचारतो, म्हणून सहसा टर्मिनलशी जुळतो. सर्व्हरवर नॅनो वापरा.

कानामात्रा:
म्हणजे कर्सर सुधारला, अक्षर तुटलंच! 'स्त्री'ला त्या हिशेबात ४ चौकटी: स, त, र आणि वेलांटी. आकार जोडून काढला तर मागे रिकामी जागा, नाही जोडला तर पाय मोडलेली अक्षरं. अ‍ॅलाक्रिटी या टर्मिनलात आकारजोडणी नाहीच. शुद्धलेखन तपासायचं कसं?

रफार:
भाषांतराच्या फाइलीतले दोन शब्द बदलायला सुंदर अक्षर कशाला हवं? पडदा बिघडला तरी बाइट बिघडत नाहीत. (आधी लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरसंकेताची सेटिंग, यूटीएफ-८ आहे ना, एवढं पाहा.) विममध्ये अक्षरावर 'जीए' दाबा, मूळ अक्षर आणि चिकटलेली चिन्हं संकेतांकासह दिसतात. वाचायलाच हवं असेल तर कॉन्सोल नावाचा टर्मिनल अक्षरं जोडून दाखवतो. खरा इलाज म्हणजे अक्षरगट एकत्र मोजणं. युनिकोड १५.१ने २०२३मध्ये देवनागरी जोडाक्षर एकाच गटात धरायचा नियम आणला. काही नव्या टर्मिनलांत त्यासाठी २०२७ क्रमांकाचा मोड आहे, पण एडिटरने तो मागायला हवा.

जोडाक्षर:
डोळ्यांवर विसंबणंच धोक्याचं. 'दुसऱ्या' दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो: ऱ (यू+०९३१), हलन्त, य; किंवा साधा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे हा न दिसणारा जोडक (यू+२००डी), य. ग्राफिकल एडिटरात दोन्ही हुबेहूब, शोध मात्र एकच सापडवतो. एनएफसी (युनिकोडचं प्रमाणीकरण) करूनही ते एक होत नाहीत. विम तो अदृश्य जोडक कोनी कंसातल्या संकेतांकाने उघडा दाखवतो. दिसायला ओंगळ, पण तपासायला मला तेच हवं.

कानामात्रा:
तपासायला विम, चालेल. परिच्छेद लिहायला नाही.